हेराल्डचे मागचे एक्सल

अमरावती, रविवार, ६ ऑगस्ट २००६

या वहीत आकडे लिहायचे नाहीत. आकडे मी पेपरला पाठवतो. गेल्या आठ वर्षांत दुसरं काही पाठवलेलंच नाही म्हटलं तरी चालेल. किती गावं, किती हेक्टर, किती माणसं गेली. ज्योतिषीबुवा सुट्टीवर गेले की डेस्कवरची पोरं राशिभविष्यही माझ्याकडूनच मागवतात. ज्याला संस्कृत येतं त्याला पुढचंही दिसत असणार, असा त्यांचा समज. कुणब्याचा पोरगा पाठशाळेत न्यायशास्त्र शिकून बातमीदार होणार, हे त्याला स्वतःलाच दिसलं नव्हतं. बाकीच्यांचं काय दिसणार?

वही धरायचं कारण मोटार.

गेल्या चैत्रात इथले एक जिनिंगवाले शेठजी वारले. त्यांच्यावर मी मृत्युलेख लिहिला. थोरली सून म्हणाली, "मामंजी इतके चांगले होते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं." आणि पुढच्या आठवड्यात शेठजींनी तरुणपणी विलायतेहून बोटीनं आणलेली लाल दोन आसनी मोटार, सरकीच्या पोत्यांखालून काढून, दोरानं ओढत माझ्या दारात आणून सोडली. छप्पर आणि एक सीट उंदरांनी खाल्लं होतं. बाकी शाबूत. मृत्युलेखाचं मला मिळालेलं हे पहिलं मानधन.

घरात आम्ही दोघंच. थोरली बहीण पार्वताताई, आणि मी. ती विधवा, मी, कोणी विचारलं नाही म्हणून अविवाहित. ताई गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "बावन्नाव्या वर्षी लाल गाडी! आन जागा दोघाचीच? म्या कुठं बसू, डिक्कीत?"

गाडी चालते. पण चालताना मागून पिठाच्या गिरणीत खडे पडल्यासारखा आवाज येतो. आज वलगाव रोडवरच्या गुलाम नबी मिस्त्रींनी तिचा मागचा भाग जॅकवर घेतला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं.

"पंडितजी, मागचे दोन्ही एक्सल गेले. हबही खाल्लेले हायेत. असेच फिरत राहाल तं एक दिवस चाक तुमच्या आधी घरी पोचन."

"नवे कुठे मिळतील? विलायतेत?"

"विलायतेत काहून? अकोल्यात. मद्रासले हेराल्ड गाडी बनत होती, आठवते? तिचा आन इचा मागचा भाग म्हंजे सख्ख्या बहिणी. अकोल्याले एक हेराल्ड उभी हाये. मालक होते जिनिंगचे इंजिनेर, माहे दोस्त. सहा वर्षं झाले त्याईले जाऊन. बाई हायेत. आशाबाई. मी फोन करून ठेवतो."

मग त्यांनी त्यांच्या उस्तादाचा कायदा सांगितला. जिच्यातून सामान काढलं ती गाडी विटांवर सोडून यायचं नाही. आपलं जुनं तिच्यात बसवायचं. "धावली नाही तरी चालन. आपल्या चाकावर उभी राहाले पाह्यजे."

म्हणजे एक्सल आणायचे आणि एक्सल न्यायचेही. एसटीनं.


रविवार, १३ ऑगस्ट

अकोल्याला जाऊन आलो. हेराल्ड अंगणात कडुनिंबाखाली, फिकट निळी, बॉनेटवर निंबोण्या. आशाबाई कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. उंच, चष्मा, बोलण्यात घाई नाही. म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये ही गाडी माझ्यापेक्षा जास्त फोटोंत आहे. वीस वर्षं मी हिच्याखाली बॅटरी धरून बसले, गावंडेजी. यांनी जे जे खोललं ते सगळं मला येतं. फक्त बोटं चालत नाहीत सध्या."

जुलैत त्यांना चिकनगुन्या झाला. सध्या निम्मं वऱ्हाड वाकून चालतं; त्यांची बोटं सकाळी मिटत नाहीत. तेव्हा ठरलं असं की त्या सांगतील आणि मी खोलीन. मी त्यांना स्पष्ट कल्पना दिली की मला पान्ह्याची उलटसुलट बाजू कळत नाही.

"ते तुम्ही धरलात तेव्हाच दिसलं," त्या म्हणाल्या.

आज फक्त एका चाकाचे दोन नट सैल झाले. चारही झाले असते, पण मध्ये चहा झाला, मग गाडीचा विषय निघाला, मग मेघदूतातला रामगिरी म्हणजे नक्की कोणता डोंगर यावर वाद झाला. त्या भूगोलाच्या बाजूनं बोलत होत्या, मी टीकाकारांच्या. एसटी चुकली. पुढची मिळाली.


बुधवार, १६ ऑगस्ट

डेस्कचा फोन. कोरड्या विहिरीचा फोटो हवा. म्हटलं, यंदा विहिरी काठोकाठ आहेत, नद्यांना पूर आहेत, पीक पाण्यानं गेलंय. पलीकडचा मुलगा म्हणाला, "पण सर, पान तर कोरड्या विहिरीचं लावलंय."


रविवार, २० ऑगस्ट

आज डावीकडचा पहिला हब निघाला. लिहून ठेवण्यासारखा प्रकार.

एक्सलचं टोक निमुळतं असतं आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, त्यावर वर्षानुवर्षं असा बसतो की दोघं एकाच लोखंडाचे व्हावेत. हातोडा मारायचा नाही. मारला तर एक्सल वाकतो. आशाबाईंच्या यजमानांनी लेथवर एक पुलर करून घेतला होता: तीन पायांचा, मध्ये बोटाएवढा जाड स्क्रू. तो हबला लावायचा आणि स्क्रू पिळत जायचं. नबीभाईंकडे एवढा दणकट पुलर नाही, म्हणून हब तिथेच ओढून वेगळा आणायचा.

मी पिळला. आणखी पिळला. घामाघूम झालो. हब ढिम्म. दांड्याला पाइप लावून अर्धा वेढा दिला, तोही कण्हत. म्हटलं, "हा निघायचा नाही."

"आता हात काढा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे सोडून द्यायचं?"

"सोडायचं नाही. ताण तसाच ठेवायचा आणि आपण चहा घ्यायचा. जोर लावून कधीच निघत नाही हा. ताण पुरेसा झाला की त्याचं तो ठरवतो."

आम्ही ओसरीवर बसलो. त्यांनी आलेपाक दिला. रामगिरीचा वाद जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला. मी मल्लिनाथाचं मत सांगत होतो, अगदी वाक्याच्या मध्यावर होतो, आणि अंगणात बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. कडुनिंबावरचे सगळे कावळे उडाले. मी बशीसकट उभा राहिलो.

"निघाला," आशाबाई म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

हब घेऊन आलो. एक्सल रॉकेलमध्ये भिजत ठेवतो, गंज जाईल, पुढच्या खेपेला न्या, म्हणाल्या. मला वाटतं दोन्ही एकदम आणता आले असते. पण त्या अनुभवी आहेत.


गुरुवार, २४ ऑगस्ट

काल पोळा. ताई सकाळी म्हणाली, "रविवारी जातो म्हणतो अकोल्याले?"

"सामान आणायचंय."

"मंग आज दाढी काहून करून राहिला? आज तं गुरुवार हाये. सरावासाठी?"

ताईला यंत्रशास्त्रातलं कळत नाही.

(या रविवारी गणपती. त्यामुळे पुढच्या रविवारी जाणार.)


रविवार, ३ सप्टेंबर

आमच्या गाडीचा जुना डावा जोड, म्हणजे एक्सल आणि हब एकत्र, धोतरात गुंडाळून एसटीत घातला. कंडक्टर देवमन, आता तोंडओळखीचा. "हे काय, बंडीचा कणा हाये काय जी?" म्हटलं, मोटारीचा एक्सल. त्यानं सामानाचं तिकीट फाडलं.

हेराल्डला जुना डावा जोड बसवला. निम्मे बोल्ट मी आवळले. आशाबाईंनी दोनदाच 'उलटं' म्हटलं. परतीच्या बसमध्ये नेमका देवमनच. हातात रॉकेलचा वास मारणारा, भिजून काढलेला एक्सल.

त्यानं एक्सलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सकाळी हाच घेऊन गेले ना तुमी?"

"तो वेगळा. हा वेगळा."

"दिसाले तं सारखाच हाये."

"सारखाच असतो."

"मंग नेता कायले आन आणता कायले?" आणि मागच्या बाकावरच्या बाईला म्हणाला, "शिकेल माणूस हाये. त्याईचं काही कारण असन."

आशाबाईंचा मुलगा किशोर बंगलोरला असतो. आई एकटी राहते म्हणून तो तिला तिकडे न्यायच्या मागे आहे. दिवाळीनंतर नेतो म्हणतो; घर भाड्यानं द्यायचं, हेराल्ड भंगारात. आशाबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या चहा गाळत होत्या. "मुलगा चांगला आहे. मला एक वेगळी खोली आहे तिथे, बाल्कनी आहे. बाल्कनीतून दुसरी बाल्कनी दिसते."

"तुम्हाला जायचंय?" मी विचारलं.

"थांबायला कारण काय सांगू? पेन्शनला नऊ वर्षं आहेत म्हणून सांगून पाहिलं. तो म्हणतो, तिथेही वाचनालयं आहेत."

परत येताना हे डोक्यात घोळत होतं. त्या गेल्या तर पुढे स्पेअर पार्टची मोठीच अडचण होईल.


मंगळवार, १२ सप्टेंबर

तिवशापलीकडच्या एका गावाला जाऊन आलो. काय पाहिलं ते इथे लिहायचं नाही असा नियम. बातमी पाठवली, त्यात आकडा आहे.

घरी न जाता नबीभाईंच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी हातात बेअरिंग आणि रॉकेलची वाटी दिली, "धुवा" म्हणाले. दोन तास धुतलं. ते आधीच स्वच्छ होतं बहुधा.

निघताना म्हणाले, "अकोल्याले फोन करून टाका. उजव्या बाजूचं विचारा."

"आत्ता? ते तर ठरलेलं आहे. चोवीस तारखेला."

"तरी विचारा."

फोन केला. उजव्या बाजूबद्दल बोलणं झालंच नाही. मीच बोलत राहिलो, त्या ऐकत होत्या. गावाबद्दल सांगितलं. नावं सांगितली. ठेवल्यावर लक्षात आलं की आकडा सांगायचा राहून गेला, आणि त्यांनी विचारलाही नाही.


रविवार, २४ सप्टेंबर

उजवी बाजू झाली. या हबनं चहाचे दोन कप आणि रामगिरीचा पूर्ण निकाल लागेपर्यंत वेळ घेतला. (निकाल: रामटेक. मी माघार घेतली. खरं तर माझा मुद्दा भक्कम होता.)

हेराल्ड आता आमच्या जुन्या जोडांवर, चारही चाकांवर उभी. आशाबाईंनी तिला थोडं ढकलून पाहिलं. सहा वर्षांनी ती वीतभर पुढे सरकली. मग बॉनेटवरच्या निंबोण्या पदरानं झाडल्या.

निघताना एक बंद लिफाफा दिला: "हा नबीभाईंच्याच हातात द्या." वर ग्रंथालयाच्या कार्डावर असतं तसं रेखीव अक्षर: 'डावी, उजवी. जपून.' हाताला कापसासारखं मऊ लागलं. दोन्ही बाजूंच्या जोडणीबद्दल सूचना असाव्यात. ग्रंथपाल मंडळी काटेकोर असतात. नबीभाईंनी लिफाफा बाजूला जाऊन फोडला, आत पाहिलं, खिशात घातला.

"काय आहे?"

"बहिणीनं भावाले पाठवलं हाये. तुमचं काय त्यात?"


रविवार, १ ऑक्टोबर

रमजान सुरू. नबीभाई सकाळीच काम करतात, दुपारी दुकानात पडून असतात. सकाळी गेलो तर दोन्ही एक्सल, दोन्ही हब, नवी बेअरिंग, सगळं कापडावर मांडलेलं. म्हटलं, झालं तर मग!

"चाव्या लागतीन ना पंडितजी."

ही चावी म्हणजे अर्ध्या चंद्राच्या आकाराची पोलादाची नखाएवढी चकती. एक्सलच्या खाचेत अर्धी, हबच्या खाचेत अर्धी. ती नसेल तर एक्सल आत फिरत राहतो आणि हब बाहेर मख्ख. आमच्या जुन्या चाव्या जुन्या जोडांबरोबर हेराल्डमध्ये गेल्या. त्या झिजक्या, उभं राहायला ठीक, धावायला नाही.

"मग हेराल्डच्या चाव्या कुठे आहेत?"

"आशाबाईले विचारून पाहा ना."

"फोनवर विचारतो."

"एवढीशी चीज, फोनवर काय समजन! जाऊन या."


रविवार, ८ ऑक्टोबर

चावीसाठी अकोला. नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, नखाएवढ्या वस्तूसाठी. देवमन म्हणाला, "आज हातात काहीच नाही? चोरीले गेला काय एक्सल?"

आशाबाईंना विचारलं. "चाव्या?" त्या म्हणाल्या. "चाव्या तर मी तुमच्या..." आणि थांबल्या. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. चष्मा काढला, पुसला, घातला. "नबीभाई म्हणाले, चाव्या हव्यात?"

"हो. तुम्हाला विचारून पाहा म्हणाले."

"असं का." मग उठून ओट्याकडे गेल्या. पाठमोऱ्या म्हणाल्या, "शोधावं लागेल हं. कुठे ठेवल्या आठवत नाही. जेवूनच जा."

एरवी या बाईंना कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे डोळे मिटून सांगता येतं. वय झालं की असं होतं. मलाही हल्ली होतं: परत निघालो तेव्हा छत्री विसरलो.

किशोरनं तिकीट काढलं आहे. एक नोव्हेंबर.


रविवार, १५ ऑक्टोबर

चाव्या मिळाल्या नाहीत. माळ्यावर पाहायचं राहिलंय म्हणतात. दिवाळीच्या चिवड्याचा डबा मिळाला, आणि छत्री. माळ्यावर चढून मी पाहतो म्हटलं तर म्हणाल्या, "नको, तुम्ही पडाल. बसा." बसलो.

पुस्तकांची खोकी भरायला सुरुवात झाली आहे. कोणती न्यायची, कोणती ठेवायची, यात मी थोडी मदत केली. मी 'ठेवायची'मध्ये जास्त टाकत होतो. त्यांनी दोनदा पाहिलं, काढली नाहीत.

ताईनं चिवडा चाखला. "हातचा हाये. इकतचा नाही." मग बराच वेळ चावत राहिली. "नारायण, तुह्या त्या गाडीले अजून किती सामान लागते रे?"

"दोनच चाव्या."

"देवा," ताई म्हणाली. कोणाला उद्देशून, कळलं नाही.


बुधवार, २५ ऑक्टोबर

ईद. नबीभाईंच्या घरी शिरखुर्म्याला गेलो. ते कोणाला तरी पोचवायला फाटकापर्यंत गेले होते. कुलसुमबी भाभींनी आतून हाक मारली, "पंडितभाई, तुमाले गोड कमी वाटते काय? साखर घ्या, त्या फळीवरच्या डब्यात हाये."

फळीवर दोन डबे. मी पहिला उघडला. साखर नव्हती. लिफाफा होता. 'डावी, उजवी. जपून.' आत कापूस, कापसात दोन अर्धे चंद्र, तेल लावून चकचकीत.

मी झाकण लावलं. डबा होता तसा ठेवला. साखरेविना शिरखुर्मा खाल्ला. पुष्कळ गोड होता.

आता घरी बसून विचार करतोय. पाठशाळेत गुरुजी अनुमान शिकवताना डोंगरावरचा धूर दाखवायचे. धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. माझ्यापुढे सव्वादोन महिने धूर निघतो आहे आणि मी तिथे बसून नुसता खोकतो आहे.

क्रमानं पाहू. लिफाफा चोवीस सप्टेंबरला मीच आणून दिला. म्हणजे चाव्या नबीभाईंकडे तेव्हापासून आहेत. पण रोज्यात खोटं नको म्हणून त्यांनी एकदाही 'चावी नाही' म्हटलेलं नाही. 'विचारून पाहा' म्हटलं. हे एक.

लिफाफ्यावरचं अक्षर आशाबाईंचं. म्हणजे चाव्या दिल्याचं त्यांना पक्कं माहीत. तरी आठ तारखेला 'शोधावं लागेल', पंधराला 'माळ्यावर पाहायचं राहिलंय'. हे दोन.

नबीभाईंना गंमत हवी होती, हे समजतं. आशाबाईंना काय हवं होतं?

इथे पेन थांबलं. तिसरी पायरी लिहायला मला तीन दिवस द्यावेत, अशी माझी मलाच विनंती. एक तारीख मात्र सात दिवसांवर आहे.


गुरुवार, २६ ऑक्टोबर

गॅरेजवर गेलो. नबीभाई निष्पाप चेहऱ्यानं टायर फिरवत होते. म्हटलं, "चाव्यांचा अजून पत्ता नाही. रविवारी पुन्हा अकोल्याला जावं म्हणतो."

"जा, जा. अल्ला करो, मिळून जातीन."

"मिळतील असं वाटतं."

त्यांनी टायर थांबवला, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. दोघंही वयानं मोठे आहोत.


रविवार, २९ ऑक्टोबर

देवमन: "आजही हात मोकळे?"

मी म्हणालो, "आज सामान आहे. दिसत नाही एवढंच."

"त्याचंही तिकीट लागते," तो म्हणाला.

बसमध्ये मूर्तिजापूरपासून एक वाक्य रचत होतो. त्यात 'जरी' होतं, 'तरी' होतं, दोन समास होते आणि क्रियापद अगदी शेवटी. फाटक उघडेपर्यंत पाठ झालं होतं.

आशाबाई ओसरीवर खोक्यांच्या मध्ये बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "चाव्या सापडल्या."

"अरेरे," त्या म्हणाल्या.

निंबावरचा कावळा आमच्याकडे पाहत होता.

"कुठे सापडल्या?"

"नबीभाईंच्या घरी, फळीवरच्या डब्यात. लिफाफ्यासकट."

"यापेक्षा बरी जागा नाही मिळाली त्यांना?" त्यांनी हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं, पुन्हा काढलं. "मग आता काय राहिलं?"

आता वाक्य. 'जरी'पर्यंत पोचलो आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. बावन्न वर्षांचा माणूस, अर्धं तोंड उघडं. शेवटी म्हणालो, "माझ्या गाडीत दोनच सीट आहेत."

"माहीत आहे."

"त्यातलं एक रिकामं असतं."

"तेही माहीत आहे." बराच वेळ त्या हेराल्डकडे पाहत होत्या. "फाटकं आहे म्हणे ते. नबीभाई सांगत होते."

"उंदरांनी..."

"मग असं कसं बसणार कोणी त्यावर?" परतीची एसटी कितीला असते ते मी आठवू लागलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माझ्याकडे शिलाई मशीन आहे. माप घेऊन या. बोटं आता मिटतात माझी." आणि मूठ मिटून दाखवली.

मी खोक्यावर बसलो. ते 'न्यायची'चं होतं, फाटलं.

"पण एक तारखेला तर तुमची गाडी आहे. किशोरला काय सांगायचं?"

"त्याला मी बुधवारीच सांगितलं, तिकीट रद्द कर म्हणून."

बुधवारी! ज्या दिवशी मी झाकण लावून गुपचूप शिरखुर्मा खात होतो त्या दिवशी. "काय कारण सांगितलंत?"

"खरं तेच. चाव्या सापडत नाहीयेत म्हटलं."

"आणि मी आज आलोच नसतो तर?"

त्यांनी हेराल्डकडे बोट केलं. "तर काय! आम्ही दोघी उभ्या होतो ना आपल्या चाकावर."


रविवार, ५ नोव्हेंबर

काल गॅरेजवर पाऊल ठेवताच नबीभाई ओरडले, "सापडल्या पंडितजी! काय सांगू, डब्यात!"

"कशा गेल्या असतील हो डब्यात?"

"मुंग्यांनी नेल्या असतीन."

"लिफाफ्यासकट?"

"आमच्या मुंग्या शिकेल हायेत," भाभी गॅरेजमागच्या घरातून म्हणाल्या.

चाव्या बसवल्या, हब बसवले, नट आवळले. नबीभाईंनी चाक धरून हलवलं, हललं नाही. कायदा सांगितला: पन्नास किलोमीटर चालवायची, मग थांबून नट पुन्हा कसायचे. नवा जोड आहे, थोडं बसतं, थोडं सैल होतं. पहिल्यांदा कसून झालं म्हणजे झालं असं नाही.

आज सकाळी गाडी घेऊन अकोल्याला गेलो. किशोर आलेला होता. तिकीट रद्द झालं, पण आईला झालंय काय ते पाहायला. सभ्य मुलगा. गाडीभोवती फिरला, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, तुम्हाला हिची दुरुस्ती येते?"

"नाही."

"मग रस्त्यात बंद पडली तर?"

"तुझ्या आईला येते."

त्यानं विचार केला. "ते बरोबर आहे," म्हणाला, आणि आईच्या हातात पान्ह्यांची पिशवी आणून दिली. हेराल्डचा विषय त्यानं काढला नाही. जाताना तिच्या टपावर मात्र दोन थापा मारल्या.

ताईनं आशाबाईंना अमरावतीला जेवायला बोलावलं होतं. फोनवर कळवलेल्या मापानं शिवलेलं सीटचं नवं कव्हर चढवलं. आशाबाई सरळ चालकाच्या बाजूनं शिरल्या. मी काही म्हणायच्या आत म्हणाल्या, "वीस वर्षं बॅटरी धरली आहे, गावंडेजी. आता धरायची पाळी तुमची."

बोरगावच्या पुढे एसटी समोरून आली. देवमन दारात उभा. आम्हाला पाहून त्यानं घंटीची दोरी उगाचच ओढली, आणि गाडी थांबवून बसला बिचारा ड्रायव्हर.

मूर्तिजापूरला उतरून नट तपासले; सकाळी एकटा जाताना मी ते विसरलोच होतो. डावा पाव फेरा सैल होता. आशाबाईंनी कसला, मी पाइप धरला. उजवा होता तसाच होता, तोही कसला.

पुन्हा निघालो. दोन्हीकडे कापूस फुटलेला. छप्पर नसल्यामुळे वारा सगळा आतच. बडनेरा जवळ आलं तेव्हा त्यांनी वेग कमी केला, मान किंचित वळवली.

"मागून काही ऐकू येतं?"

मी कान दिला. गिरणी नव्हती, खडे नव्हते. तीन महिने आम्ही ज्याच्यावर बोललो ते काहीच नव्हतं.

"नाही."

"मलाही नाही." त्यांनी गिअर बदलला. "मग आता तुम्ही बोला."